पावती

माझ्या खिडकीतून कॅनडा दिसतो, आणि तो दक्षिणेला आहे.
डेट्रॉईटमध्ये नव्याने आलेल्या कुणालाच हे पटत नाही.
मलाही नकाशा दोनदा उलटा करून बघावा लागला होता.

जुनी नोकरी सोडून एकोणीस दिवस झालेत.
नव्या कंपनीनं केलेला अर्ज पोचला, एवढं सांगणारी
एक पावती आहे. मंजुरी नाही.
वकीलबाई म्हणाल्या, "जाऊ नका असं मी म्हणणार नाही.
जा, असंही म्हणणार नाही."
तासाला साडेतीनशे डॉलर घ्यायचे तर
इतकं चोख बोलता यायला हवं.

नाजवा म्हणाली, तू येऊ नकोस, तुझे कागद हवेत आहेत.
आपल्याकडे भिजत घोंगडं म्हणतात, तेच.
तिची आई गेली होती.

सहा वर्षं नाजवा पलीकडून रोज बोगद्यातून कामाला यायची.
शेजारच्या टेबलावर ती गाडीच्या दारांची कुलपं आखायची, मी बिजागऱ्या.
डब्यात दोघींचं असायचं,
कारण तिच्या आईला एकटीपुरतं रांधता येत नसे.
मला कधी न बघता त्या बाईनं
मला तिखट किती लागतं ते ओळखलं होतं.

मी गेले.

नदीच्या पोटातून बस, जेमतेम पाच मिनिटं.
विंडसरच्या त्या घरात इवल्या कपांतून
बिनसाखरेची कॉफी फिरत होती, काढ्यासारखी.
दुखवट्यात साखर घालत नाहीत, नाजवाचा भाऊ इलियास म्हणाला.
मी म्हणाले, आमच्यात कडू घास असतो.
त्याला समजलं. म्हणजे, त्यानं कप पुन्हा भरला.

संध्याकाळी नाजवाच्या गॅलरीत उभी राहिले.
समोर माझी इमारत.
अकरावा मजला, उजवीकडून तिसरी खिडकी,
स्वयंपाकघरातला दिवा तसाच राहिलेला.
मध्ये अर्धा मैल पाणी, त्यावर एक लांबलचक मालवाहू बोट,
तिला कुणी काही विचारत नव्हतं.
बिल किती येईल, हा विचार आधी आला.
मग दुसरा आला, आणि गेला नाही:
हा दिवा आता मला इथूनच बघावा लागला तर.

"कुणाकडे काम करता?"
काचेमागच्या अधिकाऱ्याच्या छातीवर नाव होतं, प्रुइट.
व्हिसावर जुनी कंपनी, पावतीवर नवी,
आणि मी एक.
आतल्या खोलीत बसवलं. खुर्च्या फरशीला स्क्रूनं आवळलेल्या.
शेजारी एक आजोबा, मांडीवर ट्रॉम्बोनची पेटी,
सारखे घड्याळ बघत.
"लग्न साडेसातला होतं," ते म्हणाले, मला नाही, पेटीला.
पावती घामानं बोटांना चिकटायला लागली.

एक तास दहा मिनिटांनी: "कशासाठी गेला होतात?"
"मैत्रिणीची आई वारली."
"तुमची कोण लागायची?"
मी शोधलं. कुठल्याच फॉर्मवर तसा रकाना आठवेना.
"सहा वर्षं तिनं मला जेवू घातलं."
प्रुइट पडद्याकडे बघत राहिला. हे त्यानं टाइप केलं का, कुणास ठाऊक.
पासपोर्ट सरकवला.
पुढच्या वेळी असंच होईल असं धरून चालू नका, म्हणाला.

घराचं दार उघडलं, तर स्वयंपाकघरात काळोख.
दिवा सकाळीच बंद केलेला.
आतून जी उजवीकडून तिसरी, ती बाहेरून डावीकडून तिसरी.
म्हणजे तासभर मी भलत्याच कुणाच्या तरी दिव्यासाठी
जीव टाकत उभी होते.

चपला न काढता नाजवाला फोन लावला. पोचले.
"माहीत आहे," ती म्हणाली. रडून आवाज बसला होता.
"गॅलरीतच आहे मी. तुझा दिवा दिसतोय."

मी काही बोलले नाही.
भिंत चाचपत गेले,
आणि बटण दाबलं.