घर कसं आहे

बावीस वर्षं ओमानात, सूर बंदरी, होड्यांची इंजिनं खोलून
हे जयगडला परत आले,
तेव्हा सामानात दोन ब्लँकेटं, खजुराचा डबा
आणि काही सवयी,
ज्यांना कस्टमवाल्यांनी हात लावला नाही.

चहा संपला की कप मनगटातून हलवतात,
दोनदा, देवापुढची घंटी जीभ धरून हलवावी तसा.
पहिले आठ दिवस मी आपली ओतत राहिले,
हे पीत राहिले.
नवव्या दिवशी म्हणाले, "अगं, पुरे म्हणतोय मी."
तोंड होतं ना, म्हटलं.

समोर कुणी असलं तर ओटीवर पाय पसरत नाहीत,
तळवा दिसू नये माणसाला.
आणि कुणाच्या घरी कशाचंच कौतुक नाही.
एकदा हमूदचं घड्याळ छान म्हणाले होते,
त्याने तिथल्या तिथे मनगटावरून काढून दिलं.
परत करायला तीन महिने लागले,
तेही त्याच्या मुलाच्या लग्नात, आहेर म्हणून.
"म्हणून का माझ्या तिसऱ्यांच्या सुक्याला कधी बरं म्हणत नाही?"
हे हसले. कप हलवला.

रमजानात पाणी प्यायचे ते पत्र्याच्या शेडमागे जाऊन.
कुणी सांगितलं नव्हतं.
"तो कोरड्या घशानं घण मारतोय, आणि मी त्याच्यासमोर घटघटा?"
संकष्टीला हमूद आपला डबा घेऊन
त्याच शेडमागे जायचा.

अजून दर शुक्रवारी त्याचा फोन येतो.
मासळीचा भाव, गुडघा, पोरं, वारा,
मग जरा थांबून, "घर कैसा है?"
माझा कान तिकडेच.
कधी नाव नाही, भाभी नाही, काही नाही.
घर!
मी काय कौलं आहे, वासे आहे?
हे म्हणाले, दुसऱ्याच्या बाईचं नाव तिकडे
असं तोंडात घेत नाहीत, मान असतो तो.
असेल, म्हटलं,
आणि भांडी जरा जोरात ठेवली.

रात्री अंथरुणावर आठवलं,
एकतीस वर्षांत ह्यांचं नाव मी
एकदाच घेतलं, उंबऱ्यात अडवलं तेव्हा,
तेही समईच्या आणि सागराच्या आड लपवून.
रेशनच्या दुकानातसुद्धा
मी नुसतं कार्ड पुढे करते.

गेल्या शुक्रवारी हे खाडीवर, कुणाचा तरी पंप बघायला.
फोन वाजला. वाजतच राहिला. उचलला.
पलीकडे खाकरणं,
मग एवढा मोठा माणूस
गणित न आलेल्या पोरासारखा गप्प.
"वो बाहर गये हैं," मी म्हटलं.
बराच वेळ नुसता वारा,
तिकडचा की इकडचा, कळेना.
मग अगदी हळू, "घर... कैसा है?"

मी पदर सारखा केला, फोनवरसुद्धा.
"घर ठीक है. आपका घर?"

त्याच्या मागून एक बाई हसली.
आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली,
आणि भांडं ठेवल्याचा आवाज आला,
जरा जोरात.