लोटन बडगुजरचा रिपोर्ट

काचेपलीकडे लोटन बडगुजर,
मुठीत बटण.
शिट्टी बारीक करत नेली,
प्रत्येकीला त्याने बरोबर दाबलं.

मग शब्द.
मी 'पान' म्हटलं, तो 'कान?'
मी 'तीळ' म्हटलं, तो गप्प.
वाटलं, छापील यादीतली मराठी
पारोळ्याच्या माणसाला परकी वाटत असेल.
यादी पालथी घातली,
माझ्या आईच्या तोंडचे काढले:
वावर. भाकर. आंडेर.
'आंडेर'ला तो हसला.
मी तोंडाआड कागद धरून
पुन्हा तेच म्हटलं.
हसू तिथेच राहिलं, अर्धवट.

कानात नळी बसवली.
टिकटिक आत गेली
आणि आतून इवलासा पडसाद परत आला.
आतला शंख जागा होता.

कपाळावर, कानांमागे तारा लावल्या,
खुणेने सांगितलं, झोप.
तो खरंच घोरायला लागला.
दोन हजार टिचक्या मोजून दिल्या.
पडद्यावर लाटा उठायला हव्या होत्या.
एप्रिलातली बोरी नदी:
पात्र आहे, पाणी नाही.

तारा काढताना तोच बोलला, नको तेवढ्या मोठ्याने,
"आंडेर सुरतथून फोन करस.
तीच शे, हाई समजस.
काय म्हनस, ते समजस नही.
मशीन दी द्या, मोठं."

रिपोर्टात मी 'श्रवणचेता' लिहिलं,
पुढे बरंच काही.
आवाज वाढवून भागणार नाही,
एवढंच त्याला सांगायचं राहिलं होतं.

खुर्ची ओढून मी खिडकीकडे तोंड केलं,
ओठांवर उजेड पडेल असं,
आणि हळू सुरुवात केली.