बादलीला लाथ

त्रिमूर्ती चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर
माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास.
पोरं वीस-बावीसची, आणि त्यांच्यात
दौलत गांगुर्डे, वय छप्पन्न,
सातपूरच्या प्रेस शॉपमधून सुटलेले.
सुटलेले, हा त्यांचाच शब्द.

पहिल्या दिवशी खिशातून घडीचा कागद काढला.
गेटवरच्या नोटिशीतला एकच शब्द
अक्षर अक्षर उतरवून आणलेला :
सीझ्ड.
"कंपनी बंद पडली हे कळलं, मॅडम.
पण बंदला इतका गुळगुळीत शब्द कोणी शोधला?"

मग नादच लागला त्यांना.
वहीच्या मागच्या पानांवर नुसती संपण्याची भरती.
कॉन्क आउट. फोल्ड. केव्ह इन. बेली अप,
"मासा उलटा होतो तसं ना? धरणावर पाहिलंय."
थ्रो इन द टॉवेलला
खांद्यावरचा पंचा चाचपून बघितला,
"हा कशाला फेकायचा?
हरलेल्याला घाम येत नाही का?"

बाइट द डस्टपाशी मात्र थांबले.
"बघा, त्यांचा माणूस धूळ आपली आपण चावतो.
आपल्याकडे कोणीतरी चारतं.
म्हणजे चारणाऱ्याचं नाव विचारता येतं."
त्या दिवशी मी फळा लवकर पुसला.

बाय द फार्म.
"मेल्यावर शेत? मग गंगापूर रोडचे प्लॉट
ह्याच हिशेबानं विकतात म्हणा."
पोरं हसली, ते जास्त हसले,
हसता हसता खोकले.

गिव्ह अप द घोस्ट मशीनलाही म्हणतात, मी सांगितलं.
"आमची साठ टनी प्रेस गेली
तेव्हा आम्ही म्हणालो, हिनं राम म्हटला.
पंचवटीत कोणी भेटलं, राम राम.
नोकरीत राम नाही राहिला.
शेवटी माणसानंही राम म्हटला.
एका शब्दावर आख्खं गाव निघतं, मॅडम,
त्यांना भुतं लागतात."

किक द बकेट त्यांना पटलंच नाही.
"आमच्याकडे नळ एक दिवसाआड.
भरल्या बादलीला लाथ मारणारा मरत नाही,
बायकोच्या शिव्या खातो."

एक चूक शेवटपर्यंत सुटली नाही.
दारात चपला शोधता शोधता,
"ओके मॅडम, आय अ‍ॅम कमिंग."
गोइंग, मी म्हणायची. गोइंग, गांगुर्डे.
"निघताना जातो म्हणू नये.
हे मी तुमच्या आधी शिकलोय."

मार्चमध्ये त्यांच्या खुर्चीवर
पोरं बॅगा ठेवायला लागली.
मग ग्रुपवर त्यांच्या नंबरावरून मुलाचा मेसेज :
फादर एक्सपायर्ड.
गोळ्यांच्या पाकिटावरचा शब्द.
सवयीनं मी दुरुस्ती टाइप केली, पास्ड अवे,
मग पुसली.

दहाव्याला घाटावर गेले.
शेजारी आणखी तीन दहावे चाललेले,
गुरुजींना घाई, पायऱ्या तापलेल्या.
कुणाचं तरी पाच-सहा वर्षांचं पोर
कबुतरांमागे धावत आलं
आणि त्याचा पाय लागला
भरलेल्या निळ्या बादलीला.
ती लवंडली, गडगडली,
एक पायरी, दोन, तीन,
मंत्र अर्ध्यात थांबले,
थेट पाण्यापर्यंत गेली.

आणि मला हसू फुटलं.
ओढणी तोंडावर दाबली, खांदे हलत राहिले.
गांगुर्डेकाकू उठून आल्या,
पाठीवरून हात फिरवत राहिल्या,
"रडा, रडा, बरं वाटेल."
त्यांना काय सांगणार?
हा विनोद कळणारा एकच माणूस होता
आणि सगळे त्याच्याचसाठी जमले होते.

ऊन वर आलं तसं मी उठले,
काकूंना "येते" म्हणाले.
खाली पाण्यात कोणी तरी गुडघाभर उभं,
एका हातात बादली,
दुसऱ्या हातानं तिची कडी शोधत.