सहा बाय आठ

दुपारी दोन ते चार.
वारज्याच्या आमच्या ड्राय बाल्कनीत
वॉशिंग मशीनच्या झाकणावर पेपर अंथरून
मी एक लिंबू मांडतो,
एक स्टीलची वाटी,
आणि हिंगाची डबी, झाकण किंचित तिरकं.

डबी चारला परत द्यायची, असं ठरलंय.
आमटीला लागते.
विनया ती नेते, दुसऱ्या दिवशी आणून ठेवते,
तिच्या मते जिथल्या तिथे.
म्हणून माझ्या डबीला दोन सावल्या आहेत,
सोमवारची आणि मंगळवारची.
एक खरवडायला हवी.
कुठली, ते ठरत नाही.

एकतीस वर्षं भोसरीला, तपासणी विभागात.
मायक्रोमीटर, व्हर्नियर, गो आणि नो-गो गेज.
कडा म्हणजे कडा.
पाच मायक्रॉनवरून माणसांशी भांडलो,
नाकारलेल्या जॉबवर लाल ठिपका देत गेलो.
रंगाशी संबंध तेवढाच.

आता ब्रश म्हणतो, कडा सोड.
लिंबाची उजवी बाजू सावलीत शिरते तिथे
लिंबू नेमकं कुठे संपलं
हे लिंबालाही सांगता यायचं नाही.
पहिले चार महिने मी तिथे रेघ मारायचो,
शून्य नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून,
आणि लिंबू कापून चिकटवल्यासारखं दिसायचं.

पांढऱ्याचं तर विचारूच नका.
समोरच्या विंगला यंदा पिवळा दिलाय,
झेंडूसारखा, मीटिंगमध्ये अकरा विरुद्ध तीन.
ऊन त्या भिंतीवर आपटून इकडे येतं
आणि डबीचा पांढरा पांढरा राहत नाही.
मी त्या तिघांतला.
तरी तोच पिवळा रोज माझ्या ट्यूबमधून निघतो.

वाटीत सगळंच आहे:
खिडकीची जाळी, दोरीवरचा टॉवेल,
तळाशी वाकडा मी, बनियन आणि चष्मा,
तिळाएवढा.
वाटीला स्वतःचा रंग नसतो
हे मला साठी उलटल्यावर कळलं.
ती शेजाऱ्यांकडून उसना घेते
आणि त्याचं ओझं मानत नाही.

पायगुडे पाना मागायला आले.
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.
"फोटो काढला असता तर दोन सेकंदांत झालं असतं."
झालं असतं.
पाना दिला.
दारातून वळून म्हणाले,
"लिंबू मात्र बारीक आहे हो. दहाला तीनवालं."
तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं
की काहीतरी जमलंय.

फळी मुलाच्या जुन्या कपाटाची पाठ,
करवतीनं कापलेली, सहा इंच बाय आठ.
मागच्या बाजूला अजून
सातवीच्या वेळापत्रकाचा अर्धा कागद चिकटलेला आहे:
भूगोल, भूगोल, पीटी.

गुरुवारी लिंबू वरणावर पिळलं गेलं.
मांडणीतलंच. तिनं विचारलं नाही, मी बोललो नाही.
अर्धं तिच्या पानात, अर्धं माझ्या.
सालीला जवसाच्या तेलाचा वास.

चित्रातलं अजून ओलं.
हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही,
हवा पीत बसतं,
पातळ थर आठवडाभर, जाड थर
त्याच्या मर्जीनं.

शुक्रवारी दुपारी बघतो तर
लिंबाच्या उजेडात, जिथे रंग सगळ्यात जाड,
बोटाचा ठसा.
बारीक रेघा, मधून गेलेली एक जुनी चीर,
विळीची.
वाळलंय का ते बघितलं असणार,
तवा तापलाय का बघतात तसं, सहज.

मी भिंग आणलं. सवय.
खोली साधारण दोन दशांश मिलिमीटर.
लाल रंग पॅलेटवर होताच.
ब्रश बुडवला,
आणि तसाच धरून उभा राहिलो.

मग तो डबीवरच्या अक्षरांना लावला,
तिथे तो लागणारच होता.

"डबी ने गं," मी आत हाक मारली.
चार वाजायला अजून वीस मिनिटं होती.