सत्तेचाळीस

चैत्रात रामस्नेही मुरारच्या पलीकडून जंगली जई आणतो,
पिशवीवर गाव, तारीख, स्वतःची सही.
"घास है मॅडम, इसका क्या नापना?"
दर वर्षी हेच, आणि दर वर्षी पिशवी गच्च भरलेली.

गव्हातलं तण.
उपटलं, फवारलं, तरी सगळं एकदम येत नाही:
थोडं यंदा, थोडं पुढच्या साली,
काही दाणे मातीत नुसते पडून,
आपली पाळी नाही म्हणून.
त्या उशिराचं माप काढणं ही माझी नोकरी.

बाहेर एकेचाळीस अंश. आत द्रव नायट्रोजनचा पांढरा धूर,
खल इतका गार की हातमोज्यातूनही बोट चटकतं.
पन्नास दाण्यांचं पीठ. भराभर,
कारण ऊब लागली की दाण्याचा जबाब बदलतो.
मग मिथेनॉल, फॉइलमध्ये गुंडाळून, अंधारात रात्रभर.
त्यात आधीच घालायचं थोडं ओळखीचं आम्ल,
मुद्दाम जड करून घेतलेलं,
म्हणजे वाटेत किती सांडलं त्याचा हिशोब लागतो.

सकाळी यंत्र शिखरं काढून देतं.
झोपवणारं ॲब्सिसिक: ग्रॅममागे अडुसष्ट नॅनोग्रॅम.
जागं करणारं जिबरेलिन:
रेषेच्या थरथरीत कुठेतरी,
असेल, नसेल.

ज्यांचं पीठ केलं ते उगवले असते का,
याला वहीत रकाना नाही.
त्यांची भावंडं पेट्रीत, ओल्या कागदावर.
विसाव्या दिवशी तीन मोड.
उरलेले सत्तेचाळीस मेले की निजले,
हे विचारायचं तर ब्लेडने उभे चिरायचे,
रंगात बुडवून ठेवायचे.
जिवंत गर्भ लाल होतो.

सगळे लाल झाले.

"ज़िंदा थे," मी रामस्नेहीला सांगितलं.
झाडू थांबवून तो म्हणाला, "थे?"

पाच वाजता त्याने सायकल काढली.
पँटच्या मुडपीत चार दाणे,
कुसळं पिळून घट्ट रुतलेले.
आमचंही कुणी असंच
कुठल्याशा फौजेच्या कपड्यांना चिकटून इकडे आलं असेल;
फौज गेली, मोहल्ल्याला लष्कर नाव राहिलं,
आणि आम्ही, दूध मागताना हिंदी,
दूध उतू गेलं की मराठी.

दाणे लागलेत, असं सांगायला मी तोंड उघडलं.
मग वहीत तारीख घालायला वळले.