शपथपत्र, बॅटरीबाबत

मी, दिवाकर निनावे, वय चौपन्न,
धंदा टायपिंग, कोर्टाच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली,
राहणार मानेवाडा, नागपूर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
मेच्या दुसऱ्या आठवड्यात टचपॅड दबेनासं झालं.
मग झाकण मिटेना.
टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुलायचा,
चहाटपरीच्या बाकड्यासारखा.

मी काय केलं? खोटं कशाला सांगू,
कायद्याचं सर्वांत जाड पुस्तक
रात्रभर त्याच्या पाठीवर ठेवलं.

सकाळी सुकेशिनी गोंडाणेला फोन.
बर्डी, चपलांच्या दुकानावरचा जिना, दुसरा मजला.
"काका, पुस्तक काढा पह्यले.
काढलं? हळू!
चार्जर काढा. बंद करा, पूर्ण बंद.
अन् स्क्रू खोलत बसू नका बावा,
टोक लागलं तर भडकते थे."
म्हटलं, फाईली तेवढ्या उतरवून घेतो, दहा मिनिटं.
"जळक्या बोटांनी टाईप करसान काय?"

फरशीवर ठेवा, सावलीत, कागदांपासून दूर.
कागदांपासून दूर!
माझ्या घरात मीसुद्धा कागदांपासून दूर झोपत नाही.
पलंगाखाली नकला, फ्रिजवर वकीलपत्रं,
गच्चीवर शेहेचाळीस डिग्री, कूलरपाशी पाणी.
शेवटी मागची बाल्कनी, धुण्याच्या दगडाशेजारी,
समोरच्या बांधकामावरून मागून आणलेलं
घमेलंभर कोरडं रेतीचं अंथरूण.

आणखी एक सांगितलं होतं तिने:
गोडसर वास आला तर पाहायला जायचं नाही,
घराबाहेर पडायचं, फायरब्रिगेडला फोन.
रात्री तीनला आला.
बेबीनंदाला उठवलं, चप्पल न घालता जिना उतरलो,
ती अंगणात उभी, केस मोकळे, नाक वर करून,
मग म्हणाली, "आंबे आहेत. मायनं धाडलेले. पिकले."
फोन लावायचा राहिला. आम्ही मात्र
उजाडेपर्यंत पायरीवरच बसलो.
बऱ्याच वर्षांनी.

सहाला ऑटो. ऊन चढायच्या आत.
मांडीवर घमेलं, घमेल्यात लॅपटॉप,
प्रत्येक गतिरोधकावर ड्रायव्हरला विनवणी.

तिने प्लॅस्टिकची पट्टी घातली, पेचकस नाही,
आणि गोंद सुटेपर्यंत बोलली नाही.
निघाली ती. पुरीसारखी टम्म,
चांदीच्या कागदात कोंडलेला उन्हाळा.
टेपने तारा झाकून रेतीच्या डब्यात.
"घंटागाडीत नाही टाकत हे.
यांचा माणूस वेगळा येते."

आता मशीन वायरवरच चालतं, नवी बॅटरी येईपर्यंत.
लाईट गेली की गेलं.
म्हणून दर ओळीनंतर सेव्ह करतो,
अर्जदार थांबतात, घाम पुसतात,
विचारतात, काहून थांबले काका?

घमेलं परत करायचं राहिलं आहे.
दुपारी एक चिमणी त्यात उतरते,
रेती अंगावर उडवून घेते, उडून जाते.
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
सही