दोन कॉलम, बारा सेंटिमीटर

साडेअकराला टेलिप्रिंटर खडखडला: अबू सुवैलिम गेला.
दमास्कसच्या इस्पितळात, मूत्रपिंडं निकामी होऊन, अंथरुणात.
कुंकळ्येकर म्हणाले, दोन कॉलम, बारा सेंटिमीटर,
कुडचड्याच्या बार्ज-अपघाताखाली.
बसव आयुष्य.

बसवतो.
जन्म अशा गावी, जे आता नकाशात नाही.
लिंबांची बाग होती.
बापाचा तराजू नंतर तंबूच्या खांबाला टांगलेला,
तोलायला काही नाही.
कुवेतमध्ये सहा वर्षं भूमिती शिकवली.
मग संघटना. मग फूट. मग दुसरी संघटना,
पहिलीशी हाडवैर.
दोन मुलगे गमावले, त्यातल्या एकाला कबरही नाही.
आणि एक बस, त्याच्या हुकमाने.
एकोणीस माणसं. सहलीहून परतणारी मुलं त्यात.

हे वाक्य वर घेतलं, खाली नेलं,
बाकीची वाक्यं त्याच्याकडेच वळून उभी राहतात.

नावाआधी काय लावू?
अतिरेकी, म्होरक्या, सेनानी, नेता?
पेस्टिंगचा रुजार कात्री वाजवतोय.

डिचोलीला माझा सगुणमामा.
पोह्यांच्या डब्यातून त्याने पाखल्यांच्या चौकीत
बॉम्ब नेऊन ठेवला होता.
त्यांच्या कागदात तो बांदीद,
आमच्या कागदात ताम्रपट, पेन्शन, पंधरा ऑगस्टला शाल.
चौकीत त्या रात्री मोझांबिकचा एक पोरगेला शिपाई झोपला होता.
हे मामा सांगत नाही. मामी सांगते.
दिवाळीला घरात पाच तऱ्हांचे पोहे होतात,
मामा पेज मागून घेतो.

शेजाऱ्यांना उठवून फोनवर बोलावलं त्याला.
सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ खरखर.
"बशींतल्यांचीं नांवां आयल्यांत?"
नाही, म्हटलं.
"त्या शिपायाचेंय आयिल्लें ना,"
आणि फोन ठेवला, की कटला.

शेवटी नावाआधी काहीच लावलं नाही.
रुजारने खालून दोन सेंटिमीटर कापले.
लिंबांची बाग मी तळाशी नेली होती.

सकाळी अंक पाहिला तर
नावाआधी कोणीतरी शब्द लावलेला.
रविवारी डिचोलीला गेलो.
तोच अंक पाटावर,
बातमीवर चहाच्या पेल्याचं ओलं वर्तुळ,
नेमकं त्या शब्दावर.
मामा परसात माडाला पाणी घालत होता.
मी आलोय हे त्याला कळलं असावं.